बातिना किनारा, मुंबईचा शिपाई आणि स्वराज्य



ओमानच्या बातिना किनाऱ्यावर, सोहार आणि खाबूरा यांच्यामध्ये, सहम नावाचे गाव आहे. खजुराच्या बागा आणि मासेमारी यांवर जगलेला हा किनारा. शेजारच्या सोहारात एकोणिसाव्या शतकात यहुदी वस्ती होती, एवढ्यानेही आपले कुतूहल जागे व्हावे. पण आजचा विषय हिंदुस्थानचे स्वातंत्र्य हा आहे. चंपारण आणि दांडी सोडून मी इतक्या दूरवरून आरंभ करतो, कारण इंग्रजांचे राज्य कशाच्या बळावर उभे होते, हे समुद्रापलीकडून अधिक स्पष्ट दिसते.

या किनाऱ्यावर व्यवहार हिंदी रुपयांत चाले. मस्कतचा इंग्रज प्रतिनिधी बुशहरच्या रेसिडेंटच्या हाताखाली असे. तो रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारला आणि पुढे हिंदुस्थान सरकारला जबाबदार होता. शिपाईही आपलेच. १८२० मध्ये ओमानच्या आग्नेय भागात बनी बू अली टोळीवर मुंबई फौजेची एक तुकडी पाठविण्यात आली. तिच्यातील बहुतेक शिपाई तेथेच मारले गेले. पुढच्याच वर्षी मुंबईहून मोठी फौज सूड घेण्यास गेली. जानेवारी १९१५ मध्ये इमामाच्या अनुयायांनी मस्कतजवळ बैत अल फलज येथे हल्ला केला, तेव्हा सुलतानाचे तख्त राखले तेही हिंदी पलटणींनीच. ज्यांना स्वतःच्या देशात स्वराज्य नव्हते, ते दुसऱ्याच्या देशात साम्राज्याची राखण करीत होते.

हा शिपाई आपल्याला परका नाही. १७९६ मध्ये मांडवीत ‘शार हारहमीम’, आपली जुनी मशीद, उभारणारे समाजी हसाजी दिवेकर हे मुंबई फौजेतील देशी अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी हे प्रार्थनामंदिर बांधले. त्यांच्यानंतर आपल्या समाजात सुभेदार आणि जमादार पिढ्यान्‌पिढ्या झाले. पुढे जातवार भरतीची पद्धत रूढ झाली, तशी आपली माणसे लष्करातून रेल्वे, टपाल आणि इस्पितळांकडे वळली. तरी ‘सरकारचे मीठ खाल्ले’ ही भावना घरोघरी राहिली. तिची थट्टा करणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. ज्या लहान समाजाला पेन्शनीने आणि शाळांनी वर आणले, त्याने सरकारविरुद्ध उभे राहण्यापूर्वी दहादा विचार करावा, हे स्वाभाविकच होते. पण तो विचार झाला. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवर होमरूलच्या भाषणांबद्दल कारवाई झाली, तेव्हा त्यांच्या बचावासाठी बॅरिस्टर जिनांसोबत आपले डेव्हिड एरुलकर उभे होते. उच्च न्यायालयाने टिळकांवरील हुकूम रद्द केला. दोन वर्षांनी एरुलकर आणि जेकब बापूजी इस्राएल यांनी ‘ऑल इंडिया इस्राएलाइट लीग’ स्थापन केली.

१९२० ची असहकार चळवळ, १९३० चा सत्याग्रह, १९४२ चा ‘चले जाव’, हा इतिहास आपणांस पाठ आहे. या लढ्यांनी राज्याची प्रतिष्ठा संपविली. राज्य मात्र टिकून होते, कारण शिपाई हुकूम पाळीत होता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेश-प्रशिक्षण केंद्रावर खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानकारक भाषा यांविरुद्ध संप पुकारला. काही दिवसांत सुमारे ७८ जहाजे आणि २० हजार खलाशी त्यात आले. फोर्टातील आपल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कॅसल बराकीत, खलाशी आणि लष्कर यांच्यात गोळीबार झाला. शहरात दोनशेहून अधिक नागरिक मरण पावले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली.

या बंडानेच स्वातंत्र्य आले, असे काहीजण म्हणतात. तेवढे मी म्हणणार नाही. कॅबिनेट मिशन पाठविण्याची घोषणा लंडनमध्ये १९ तारखेलाच झाली होती, आणि अशा निर्णयाची तयारी एका रात्रीत होत नसते. परंतु आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनंतर हिंदी सैनिकावर विसंबता येईल का, ही शंका इंग्रजांच्या मनात होतीच. मुंबईच्या बंदरात त्या शंकेला उत्तर मिळाले.

त्याचा अर्थ ओमानमध्ये दहा वर्षांनी कळला. १९५७ मध्ये इमामाच्या पक्षाने पुन्हा उठाव केला, तेव्हा सुलतानाच्या मदतीस इंग्रजांना स्वतःची विमाने आणि स्वतःच्या पलटणी धाडाव्या लागल्या. मुंबईहून जहाजे आली नाहीत. हिंदुस्थानने सुलतानाशी १९५३ मध्येच मैत्रीचा व व्यापाराचा स्वतंत्र करार केला होता. रुपया तेवढा मागे राहिला. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला.

एक विनंती आहे. ज्यांच्या घरी पणजोबांची लष्करी सेवापत्रे किंवा पदके जपलेली आहेत, त्यांनी ती पेटीतून काढून पाहावीत. त्यांवर ‘मस्कत’ किंवा ‘इराणचे आखात’ अशी अक्षरे आढळली, तर त्याची नक्कल पुढील सभेस आणावी.