घंटी कुणी वाजवायची, बाजूला कुणी व्हायचं?

माझ्या लहानपणी ‘दुचाकी’ म्हणजे सायकल. मोटरसायकलला आम्ही ‘फटफटी’ म्हणायचो. त्याही आधीच्या पिढीत सायकलला ‘पायगाडी’ असा छान शब्द होता. पुढे स्कूटरी आल्या, मोपेड आल्या, आणि बघता बघता ‘दुचाकी’ हा शब्द त्यांनी पळवला. आज वर्तमानपत्रात ‘दुचाकीस्वार’ लिहिलं असेल तर तो सायकलवाला नाही हे शाळकरी मुलालाही कळतं. सायकलीचा आधी शब्द गेला, मग रस्ता गेला. आज तेच थोडं सांगायचं आहे.

निमित्त असं की सध्या आमच्या मुलुंडात, आणि बोरिवली-अंधेरीकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना, एकच तक्रार ऐकू येते. सकाळी फिरायला जाणारे म्हणतात, “हे सायकलवाले अंगावर येतात.” सायकलवाले म्हणतात, “हे लोक चौघे चौघे हात पसरून चालतात, घंटी वाजवली तर वर डोळे वटारतात.” दोघांचंही खरं आहे. पण हे भांडण आजचं नाही, चांगलं दीडशे वर्षांचं आहे. मी इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवली, त्यामुळे कुठलंही भांडण ऐकलं की ते सुरू कधी झालं हे शोधायची खोड लागली आहे. चालवून घ्या!

सायकल रस्त्यावर आली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो असा, की ही वस्तू आहे तरी काय? गाडी म्हणावी तर घोडा नाही, माणूस म्हणावा तर चाकं आहेत. इंग्लंडात १८३५ च्या महामार्ग कायद्याने पदपथावर घोडे आणि गाड्या आणायला बंदी होती, पण तेव्हा सायकलच नव्हती. १८७९ साली लंडनमधल्या मझवेल हिलच्या उतारावरून एक जण भरधाव सायकल हाकत गेला आणि खटला झाला. न्यायालयाने ठरवलं की बेफाम गाडी हाकण्याचं कलम सायकललाही लागू. पुढे १८८८ मध्ये तिथल्या संसदेने कायद्यातच सायकलला ‘गाडी’ ठरवलं. रात्री दिवा हवा, आणि कुणाला ओलांडून जाताना घंटी किंवा आवाज देऊन सूचना करायची, असंही लिहिलं. म्हणजे सायकलला रस्त्यावरचा हक्क आणि घंटीची जबाबदारी एकाच कलमात मिळाली. ही जोडी लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आपल्याकडची गंमत निराळी. १८६० च्या भारतीय दंडविधानातलं २७९ वं कलम सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने ‘वाहन हाकणाऱ्या किंवा स्वार होऊन जाणाऱ्या’ माणसाबद्दल होतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घोडेस्वार होता, पण ‘स्वार’ या एका शब्दात पुढचे सगळे सायकलस्वार आपोआप येऊन बसले. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात हेच कलम २८१ क्रमांकाने आहे. सायकलला परवाना लागत नाही, विमा लागत नाही, हे खरं. पण ‘सायकलला कायदाच लागत नाही’ असं जे छातीठोकपणे सांगतात ते चूक सांगतात.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. मुलुंड-दहिसरपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला तो १९५७ साली. त्याआधी आम्ही मुंबईचे नव्हेच. (मोठी माणसं तर पुढेही कित्येक वर्षं गाडीत बसताना “मुंबईला जाऊन येतो” म्हणत!) घोडबंदर रोडचा स्वामी विवेकानंद मार्ग आणि आग्रा रोडचा लालबहादूर शास्त्री मार्ग झाला तो नंतर. मुंबईच्या ट्रामगाड्या उपनगरात कधी आल्याच नाहीत, आणि १९६४ च्या मार्चअखेर त्या मुंबईतूनही गेल्या. म्हणजे स्टेशनवर उतरल्यावर पाय, टांगा, बस नाहीतर सायकल. भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांची पाळी सुटली की आग्रा रोडवर सायकलींचा लोंढा यायचा. सायकली इथे मुंबईतच बनायच्यासुद्धा, वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता.

तेव्हा भांडणं नव्हती का? होती की! दिवा नसेल किंवा डबलसीट असेल तर हवालदार अडवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. तेलाची बत्ती वाऱ्याने विझली हे कारण त्याने हजारदा ऐकलेलं असायचं. बाजारात सायकल घुसली की भाजीवाल्या बायका हँडल धरून असा उद्धार करायच्या की पुढच्या वेळी तो मनुष्य निमूट उतरून हातात सायकल धरून जाई. पण दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सगळ्यांचा वेग जवळपास सारखा होता. दुसरी म्हणजे सायकलवाला ओळखीचा असायचा. पाववाला, दूधवाला, पेपरवाला, डबेवाला. ओळखीच्या माणसाशी भांडण फार लांबत नाही.

मोटारी वाढल्या आणि हे बिघडलं. रस्ते रुंद झाले, पण ती रुंदी मोटारींच्या वाट्याला गेली. पदपथावर दुकानं आणि उभ्या गाड्या आल्या. चालणारा पदपथावरून रस्त्याच्या कडेला उतरला. नेमकी तीच कड सायकलवाल्याची होती! आता एकाच दोन-तीन फुटांत दोघं, मधे उघडी गटाराची झाकणं. मग भांडण होणार नाही तर काय? मोटारवाल्याशी भांडायची सोय नसते, तो केव्हाच पुढे गेलेला असतो. हाताशी सापडतो तो शेजारचा दुबळा.

कोलकात्यात तर २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई केली गेली होती. दूधवाले, कामगार यांनी काय करायचं हे त्या फलकावर लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे २००९ साली सुरू झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकल चालत नाही, पायी जाणाऱ्यालाही तिथे जागा नाही.

पण सायकलसाठी कुणी काही केलंच नाही असं नाही. उपनगरांत तीन मोठे प्रयत्न झाले, आणि तिन्ही शिकण्यासारखे आहेत.

पहिला वांद्रे-कुर्ला संकुलातला. एमएमआरडीएने २०११ मध्ये तिथे सुमारे १३ किलोमीटरचा सायकल मार्ग केला. कल्पना चांगली, पण त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. खरं तर सायकलसाठी राखलेल्या मार्गावर मोटार चालवू नये असं १९८९ च्या रस्तानियमांतच होतं. पण नियम कागदावर आणि मोटार मार्गावर. शिवाय तिथे पोचायला वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनपासून धड सायकल मार्ग नाही. मधेच सुरू आणि मधेच संपणारा रस्ता कुणाच्या कामाचा? अखेर २०२५ मध्ये तो काढून वाहनांसाठी जादा मार्गिका करायचं ठरलं. कारण दिलं गेलं, वापर होत नाही!

दुसरा आमच्या दाराशीच, तानसा जलवाहिनीचा. तानसा धरण १८९२ चं. त्याचं पाणी आणणारे मोठाले नळ मुलुंड, भांडुप, घाटकोपर करत शहरात जातात. त्यांच्या कडेने वर्षानुवर्षं वस्त्या झाल्या होत्या. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटर पट्टा मोकळा करा, असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला. मोकळी जागा पुन्हा भरू नये म्हणून महापालिकेने तिथे मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग आखला. नाव दिलं ‘हरित वारी जलतीरी’. शिक्षक म्हणून या नावाला मी दहापैकी नऊ गुण देईन.

पण जी माणसं उठली ती कुठे गेली? पुष्कळांना माहुलला पाठवलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथली हवा आरोग्याला घातक आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. लोकांनी जायला नकार दिला, विद्याविहारला जलवाहिनीपाशीच रस्त्यावर ठाण मांडलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. सायकल मार्गाचे काही तुकडे झाले, काही रखडले. वस्ती उठली ती सायकलसाठी नव्हे, जलवाहिनीसाठी, हे न्यायाने सांगायला हवं. तरीही एखाद्याच्या चुलीच्या जागेवरून आपलं चाक जाणार असेल, तर “आम्ही पर्यावरणप्रेमी” एवढं म्हणून भागत नाही. त्या वस्तीतली कितीतरी माणसं कामाला सायकलनेच जात असतील. खरे सायकलवाले तेच होते!

तिसरा पवईचा. महापालिकेने तलावाभोवती सुमारे दहा किलोमीटरचा सायकल आणि धावण्याचा मार्ग बांधायला घेतला. तलावात मगरी आहेत, काठावर पक्षी आहेत. आयआयटीचे दोन विद्यार्थी आणि ‘वनशक्ती’ ही संस्था न्यायालयात गेली. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते काम पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनुसार बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. तेव्हा माझी नात चिडून म्हणाली, “आजी, मगरींना रस्ता आणि आम्हांला नाही!” मी म्हटलं, “बाळा, मगरींनी आग्रा रोड मागितलेला नाही.”

तिन्हींत एकच सूत्र आहे. रस्ता जो मुळात सगळ्यांचा, त्यातली मोटारींची जागा तशीच ठेवायची आणि सायकलसाठी जागा शोधायची ती गरिबाच्या वस्तीत, तलावाच्या काठी किंवा चालणाऱ्याच्या पदपथावर. म्हणजे भांडण दुबळ्या-दुबळ्यांत लागतं.

माझे धाकटे दीर विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी मला एक हिशेब करून दिला. आघाताची ताकद वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. साठ किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो. सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो, वेग वीस. म्हणजे सायकलची ताकद चालणाऱ्याच्या चोवीस पट! आणि बाराशे किलोची मोटार ताशी पन्नासने आली तर ती त्या सायकलच्या सुमारे ऐंशी पट. म्हणून सायकलवाला हा मधला जीव आहे. मोटारीपुढे तो कोकरू आणि आजीबाईंपुढे तोच बैल. मोटारवाल्याने आपल्याशी जसं वागावं असं त्याला वाटतं, तसंच त्याने चालणाऱ्याशी वागायचं आहे.

जगाने हे हळूहळू ओळखलं. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं दगावली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि तिथले रस्ते बदलू लागले. ती सायकलींची भूमी काही आभाळातून पडलेली नाही. ब्रिटनने २०२२ च्या जानेवारीत आपल्या रस्तानियमांत स्पष्ट लिहिलं, की ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी.

हे आपल्या गल्लीत कसं आणायचं? आमच्या सोसायटीतलंच सांगते. दोन वर्षांपूर्वी फाटकाच्या वळणावर पाववाल्याची सायकल लागून एक वयस्क शेजारीण पडल्या. मनगट मोडलं. तातडीची सभा झाली आणि आवारात सायकलबंदीचा ठराव आला. पाववाला बिचारा हात जोडून उभा. तेव्हा कुणीतरी विचारलं, की बाई कडेच्या फरशीवरून न चालता मधून का चालत होत्या? उत्तर सगळ्यांना माहीत होतं. फरशीवर मोटारी उभ्या होत्या! मग ठराव बदलला. फरशी मोकळी करायची, आणि फाटकापासून जिन्यापर्यंत सायकल हातात धरून आणायची. मोटारवाले आठ दिवस फुरंगटून होते. त्यानंतर आजवर कुणी पडलं नाही, आणि पावही दारात येतो.

माझ्या अल्पमतीप्रमाणे थोडे साधे नियम सुचतात. सायकलवाल्याने घंटी लांबून आणि एकदाच वाजवावी. ती “मी येतोय” सांगण्यासाठी आहे, “हटा” म्हणण्यासाठी नाही. वेग कमी करून उजवीकडून जावं. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं दिसलं तर ते कुठेही वळेल असंच धरून चालावं. गर्दीत उतरावं, त्यात कमीपणा नाही. चालणाऱ्यांनी डावी बाजू धरावी, दोघांपेक्षा जास्त जणांनी रांग करू नये, दोन्ही कानांत गाणी घालू नयेत. राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या उतारावरून येणाऱ्या मुलांनी एवढंच आठवावं, की खाली फिरणाऱ्यांत त्यांचीही आजी असू शकते. आता विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्याही आल्या आहेत. २५० वॅटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही. पण ती आवाज न करता येते, त्यामुळे तिला घंटीची गरज सायकलीहून जास्त.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दोघांनी एकमेकांशी भांडून दमण्याऐवजी मिळून एक अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यावा. पदपथ मोकळा करा, कड सपाट करा, गटाराची झाकणं बसवा. पदपथ चालण्याजोगा झाला की चालणारा वर जातो, सायकलला कड मिळते, आणि निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले, आणि त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, ती पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. त्यांनी वाळवंटं, जंगलं पार केली. आमची मागणी त्या मानाने अगदीच लहान आहे हो. मुलुंड स्टेशनपासून घरापर्यंत, सायकलने किंवा पायी, कुणाचा राग न घेता पोचता यावं.