तलाव-परिसंस्था (रायपूर)

पाणी, गाळ, ऊन आणि त्यांच्या आधाराने जगणारे सर्व जीव यांच्या देवघेवीतून तलावात उभी राहणारी व्यवस्था. ‘परिसंस्था’ ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली. त्याआधी १८८७ मध्येच अमेरिकेतील स्टीफन फोर्ब्ज यांनी सरोवर हे एक लहानसे विश्व असल्याचे दाखवून दिले होते. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील मराठी घरांना हे विश्व परके नाही. बूढा तलाव, कंकाली तलाव, महाराजबंध ही नावे त्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. छत्तीसगढीत तलावाला ‘तरिया’ म्हणतात.

एका जागी राहणाऱ्या एकाच जातीच्या जीवांच्या समूहाला जीवसंख्या म्हणतात. जन्म, मृत्यू, आगमन आणि निर्गमन या चार गोष्टींनी ती घटते-वाढते. तलावातील रोहू, कटला आणि मृगळ यांचा हिशेब मात्र वेगळा असतो. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहती नदी लागते. म्हणून तलावात त्यांचा जन्मदर जवळजवळ शून्य असतो आणि बाहेरून सोडलेल्या मत्स्यबीजावरच त्यांची संख्या टिकते. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबन कमी होत गेले. हे तिन्ही मासे एकाच पाण्यात सुखाने नांदतात, कारण कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. प्रत्येक जातीच्या अशा स्वतंत्र स्थानाला जीवकोनाडा म्हणतात.

कोणतीही जीवसंख्या अमर्याद वाढत नाही. अन्न, जागा आणि प्राणवायू जितक्या जीवांना पुरतात, ती त्या जागेची धारणक्षमता. सुरुवातीला वेगाने वाढून या मर्यादेजवळ मंदावणाऱ्या वाढीचे गणित बेल्जियमचे पिएर व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीला सांडपाण्यातून नायट्रोजन व फॉस्फरस भरपूर मिळतात, त्यामुळे तिची मर्यादा फार वर सरकते. पाने पाणी झाकून टाकतात, खाली ऊन पोहोचत नाही आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, उपाशी मरतात.

प्लवकांपासून मरळ या शिकारी माशापर्यंतच्या अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते. रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये मिनेसोटातील एका तलावाच्या अभ्यासातून ऊर्जेच्या या प्रवाहाचा पाया घातला. ऊर्जा एकदा गेली की परतत नाही. पोषकद्रव्ये मात्र गाळातून पुन्हापुन्हा वर येतात. म्हणूनच सांडपाण्याचा नाला बंद केल्यावरही तलाव सुधारायला वर्षे लागतात.

शेवाळाने भरलेल्या तलावात प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर सगळे श्वसन करतात आणि प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून तरंगताना दिसतात, ते याच वेळी. स्नानयोग्य पाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी (घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी, असा भारतातील निकष आहे.

रायपूरचा राजबंधा तलाव बुजला आणि आता मैदान म्हणून ओळखला जातो. उरलेल्या तलावांत कारंजी, दिवे आणि कठडे यांवर खर्च होतो. त्याने एकही प्लवक जगत नाही. तलाव वाचवायचा तर आधी त्यात पडणारे सांडपाणी अडवावे, पावसाचे पाणी आत येण्याची वाट मोकळी ठेवावी आणि पहाटेच्या प्राणवायूचे आकडे वस्तीतील लोकांसमोर नियमित मांडावेत.