अत्तारापासून फार्म.डी.पर्यंत



‘अत्तार’ हे आडनाव आपल्या समाजाला नवे नाही. आज ते कानांवर पडले की सुगंधी तेलाच्या कुप्या आठवतात. परंतु जुन्या अरबी-फारसी व्यवहारात अत्तार म्हणजे नुसता सुगंध विकणारा नव्हे. मुळ्या, साली, बिया, अर्क आणि सरबते विकणारा, म्हणजेच औषधविक्रेता, तोही अत्तारच. निशापूरचे थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांना हे नाव त्यांच्या या धंद्यावरूनच मिळाले. म्हणून डहाणू किंवा तलासरीच्या नाक्यावर एखाद्या मेडिकल स्टोअरच्या फळीमागे आपला मुलगा उभा असतो, तेव्हा तो एका फार जुन्या परंपरेत उभा असतो. प्रश्न एवढाच की, तो तेथे कोणत्या अधिकाराने उभा आहे?

हा प्रश्न आजचा नाही. औषध कोणी द्यावे आणि देणाऱ्याच्या अंगी काय असावे, याचा विचार बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये होत होता. आज त्याचेच उत्तर ‘प्रवेशासाठी पात्रता’ या रुक्ष मथळ्याखाली छापून येते. मी इतिहासाचा शिक्षक, विज्ञानाचा नव्हे. पण दहावीच्या निकालानंतर पालक ज्या शंका विचारतात, त्यांची मुळे मला बऱ्याच वेळा इतिहासात सापडतात.

अरबी भाषेत औषधविद्येला ‘सैदना’ किंवा ‘सैदला’ असा शब्द आहे. इ.स. ९७३ मध्ये जन्मलेला थोर पंडित अल्-बीरूनी याने उतारवयात याच नावाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, हा शब्द मुळात आपल्या ‘चंदना’वरून आला. चंदन विकणारा तो औषध विकणारा, असा अर्थ पुढे रूढ झाला. हिंदुस्थानचे चंदन अरबांकडे जात होते आणि अरबांचा वावर आपल्याच किनाऱ्यावर होता. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेले राष्ट्रकूट ताम्रपट याची साक्ष देतात. शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात संजाणचा अधिकारी म्हणून एका अरबाचे नाव कोरलेले आहे. संस्कृतात त्याला ‘मधुमती’ म्हटले आहे, म्हणजे आपला मुहम्मद! राष्ट्रकूट राजाने त्याला या प्रांतावर नेमले होते. त्याने लोकांसाठी मोफत नावा ठेवल्या, अन्नछत्र उघडले आणि तेथे भात, कालवण व तूप मिळत असे, असे त्या पटात लिहिले आहे. संजाण आज गुजरातेत गेले, पण तलासरीहून ते किती जवळ आहे हे आपणांस सांगावयास नको. असो. विषय औषधाचा आहे.

तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न अबी उसैबिआ याने हकीम-वैद्यांच्या चरित्रग्रंथात एक हकिकत दिली आहे. खलिफा मामूनच्या दरबारात कोणी तक्रार केली की, औषधवाल्यांकडे काहीही मागा, ते ‘नाही’ म्हणून म्हणत नाहीत. हाताला येईल ते काढून देतात. खलिफाने परीक्षा घ्यावयाचे ठरविले. बगदादजवळच्या एका गावाचे नाव घेऊन त्याने माणसे बाजारात पाठविली आणि त्या नावाचे औषध मागविले. सर्व दुकानदारांनी ‘आहे’ असे सांगून पैसे घेतले. कोणी बिया दिल्या, कोणी दगडाचा तुकडा, कोणी केसांचा पुंजका! पुढे खलिफा मुअतसिमचा सेनापती अफशीन मोहिमेवर असताना झकरिया अत्-तैफूरी या हकिमाने त्याला ही गोष्ट सांगितली. छावणीतही औषधवाले होतेच. अफशीनने औषधांची म्हणून वीसेक खोटी नावे काढली आणि सर्वांकडे माणसे धाडली. काहींनी ती औषधे आपल्याकडे असल्याचे सांगून पैसे घेतले; काहींनी ‘ही नावे आम्हांला ठाऊक नाहीत’ असे प्रामाणिकपणे सांगितले. अफशीनने दुसऱ्या गटाला परवाने दिले आणि पहिल्या गटाला छावणीतून हाकलून लावले.

पालकहो, ही औषधविक्रीच्या इतिहासातील फार जुनी प्रवेश परीक्षा म्हणावी लागेल. ‘मला ठाऊक नाही’ हेच तिचे अचूक उत्तर होते! आजच्या कोणत्याही सी.ई.टी.मध्ये असा प्रश्न घालता येणार नाही, हे कबूल. परंतु चिठ्ठीवरचे अक्षर लागत नसताना अंदाजाने गोळी देणारा विक्रेता आपण सर्वांनी पाहिला आहे, आणि अफशीनच्या छावणीत त्याचे काय झाले असते हेही आता आपणांस ठाऊक झाले.

पुढे शहरोशहरी ‘मुहतसिब’ हा बाजार-अधिकारी सरबते आणि औषधे तपासू लागला. तेराव्या शतकात कैरोच्या एका यहुदी औषधविक्रेत्याने, अल्-कूहीन अल्-अत्तार याने, दुकानदारीचे एक पुस्तक लिहिले. नाव अगदी साधे, ‘मिनहाज अद्-दुक्कान’, म्हणजे दुकानाची रीत. शिकणे मात्र उस्तादाच्या हाताखाली. जो राबेल त्याला विद्या मिळे.

आपल्या देशात इंग्रजी अमलात या उस्ताद-शागिर्द पद्धतीचाच एक अवतार म्हणजे कंपाउंडर. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटलीला कागदी खुणा चिकटवून मिक्श्चर देणारा हा गृहस्थ जुन्या पिढीला चांगला आठवत असेल. त्याच्या हाताला गुण होता, पण शिक्षण बेताचे, आणि औषधांच्या बाजारात तर अंदाधुंदी होती. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्ये दिलेल्या अहवालात भेसळीचे हे चित्र सरकारपुढे मांडले. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधशास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात केली आणि १९३७ मध्ये तेथे बी.फार्म. अभ्यासक्रम आला. औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा. भारतीय फार्मसी परिषद याच कायद्याने निर्माण झाली.

या १९४८ च्या कायद्यात एक दार होते, ते आपण नीट पाहावे. पहिली नोंदवही तयार करताना पदवी-पदविकाधारकांबरोबरच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधे दिली जातात अशा ठिकाणी एकूण पाच वर्षे औषध बनविण्याचे काम केलेल्या माणसालाही नोंदणीची मुभा होती. म्हणजे अनुभव हीच पात्रता. ते दार पहिल्या नोंदवहीपुरतेच होते. परिषदेने १९५३ मध्ये शिक्षणाचे पहिले नियम केले. १९९१ च्या नियमांनी पदविकेसाठीही बारावी विज्ञानाची अट घातली. तरीही ‘मुलगा पाच-सहा वर्षे मेडिकलमध्ये आहे, आता त्याच्या नावावर लायसन करून घेऊ’ असे म्हणणारे पालक आजही भेटतात. ते बिचारे सत्तर वर्षांपूर्वीच्या दारावर थाप मारीत असतात. या कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देणे हा गुन्हा आहे. दुसऱ्याचे प्रमाणपत्र भाड्याने आणून भिंतीवर टांगल्याने मुलाला कोणताही हक्क मिळत नाही. दहा वर्षे राबूनही तो कागदोपत्री नोकरच राहतो.

आता मूळ विषयाकडे वळू. अनेकांचा घोटाळा फार्म.डी. आणि पीएच.डी. या दोन नावांत होतो. दोन्हींत ‘डॉक्टर’ आहे म्हणून दोन्ही एक नव्हेत. आपल्या समाजातील ख्वाजा अब्दुल हमीद यांचे उदाहरण घ्या. अलीगढमध्ये १८९८ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली आणि १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला ही औषधांची कंपनी स्थापन केली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सवरील औषधे रुग्णामागे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देऊ केली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. हमीद साहेबांची ती पीएच.डी., म्हणजे संशोधनाची पदवी. ती पदव्युत्तर शिक्षणानंतर, प्रबंध लिहून मिळते. फार्म.डी. ही रुग्णाच्या खाटेजवळ शिकण्याची व्यावसायिक पदवी असून तिचा प्रवेश बारावीनंतरच होतो.

ही पदवी मूळची अमेरिकेची. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती १९५० मध्ये सुरू केली आणि २००० नंतर तेथे फार्मासिस्ट होण्यासाठी तीच एक वाट उरली. शिवाय परदेशी पदवीधरांसाठी असा नियम झाला की, १ जानेवारी २००३ पासून पुढे उत्तीर्ण झालेल्याचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी.फार्म. चार वर्षांची, त्यामुळे ती वाट आपल्या मुलांना बंद झाली. भारतात फार्म.डी.चे नियम २००८ मध्ये लागू झाले.

या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे. पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी. प्रवेशास बारावी उत्तीर्ण हवे. त्यात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र सक्तीचे आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पुरी व्हावीत. डी.फार्म. झालेल्यालाही दार उघडे आहे, मात्र त्याला पहिल्या वर्षापासूनच यावे लागते. थेट दुसऱ्या वर्षाची सवलत बी.फार्म.ला आहे, येथे नाही. बी.फार्म. झालेल्यांसाठी तीन वर्षांची निराळी फार्म.डी. आहे: दोन वर्षे शिक्षण, एक वर्ष उमेदवारी. आपल्या राज्यात बारावीनंतरचा प्रवेश राज्य सी.ई.टी. कक्षामार्फत होतो. गणिताचा गट असो वा जीवशास्त्राचा, दोन्ही चालतात. वर उल्लेखिलेल्या तीन विषयांतील एकत्रित टक्केवारीची अट त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते, ती वाचावी. ‘नीट’ परीक्षा लागते हा समज चुकीचा आहे. नीटमध्ये कमी गुण आले म्हणून औषधशास्त्राचाही नाद सोडलेल्या मुलींची मला हळहळ वाटते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, खरा प्रवेश बारावीनंतर होत नाही. तो अकरावीचा अर्ज भरताना होतो. सोपी म्हणून शाखा घेतली, किंवा विज्ञानात राहूनही रसायन सोडले, तर पुढे कितीही टक्के मिळाले तरी हे दार उघडत नाही. घरात डॉक्टर-वकील असलेल्या मुलाला हे जेवताना कळते. इतरांना कोणीतरी सांगावे लागते. म्हणून हा लेखप्रपंच.

खर्च आणि अंतर यांचाही विचार केला पाहिजे. ही पदवी चालविणाऱ्या महाविद्यालयाजवळ किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची सोय लागते. आपल्याकडची उपजिल्हा रुग्णालये ५० किंवा १०० खाटांची. शिवाय महाविद्यालयाला परिषदेची स्वतंत्र मान्यता हवी. पालघरला आणि वापीला औषधशास्त्राची महाविद्यालये आहेत, परंतु फार्मसीचे कॉलेज दिसले म्हणजे तेथे फार्म.डी. असेलच असे नाही. पुण्याच्या भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी हे ती चालविणाऱ्यांपैकी एक. म्हणजे डहाणूचे मूल घर सोडूनच जाणार. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्षी दरसाल किमान पन्नास तास रुग्णालयात काढावे लागतात. पाचव्या वर्षी रोज सकाळचा अर्धा दिवस डॉक्टरांबरोबर वॉर्डांत फिरावयाचे. मग सहाव्या वर्षी सहा महिने सामान्य औषधोपचार विभागात आणि दोन-दोन महिने इतर तीन विभागांत काम. मुलीला एवढी वर्षे बाहेर कशी ठेवावी, ही आयांची चिंता मी समजू शकतो. वसतिगृहाची चौकशी फॉर्म भरण्याआधी स्वतः जाऊन करावी, इतकेच सुचवितो.

शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. आपली मुले उर्दू, मराठी किंवा गुजराती शाळांतून येतात, त्यांना पहिले वर्ष जड जाते हे खरे. पण वॉर्डातला रुग्ण इंग्रजी बोलत नाही. तलासरीच्या पाड्यावरून आलेल्या वारली बाईला गोळी जेवणाआधी की नंतर, हे तिच्या बोलीत समजावणारा माणूस मोठ्या शहरातून येणार नाही. आपल्या मुलांना ती बोली बाजारात उभे राहूनच येते.

शेवटी कागदपत्रांविषयी. तलासरी-उंबरगाव भागातील काही मुले सीमेपलीकडे शिकतात. अशा मुलांनी किंवा त्यांच्या आई-वडिलांनी महाराष्ट्राचा रहिवास दाखला आधीच काढून ठेवावा, नाहीतर राज्याच्या जागांवरचा हक्क धोक्यात येतो. आपल्यातील ज्या जमाती इतर मागासवर्गात येतात त्यांनी जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाच्या मर्यादेचे प्रमाणपत्र यांसाठी अकरावीतच अर्ज करावा. वैधतेला जुने पुरावे लागतात: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, सातबारा. हे कागद पेटीच्या तळाशी असतात, आणि कोणत्या पेटीच्या, हे सहसा दादीलाच ठाऊक असते.