नाडीच्या वाटेने

नाडी पाहताना वैद्य मनगटावर जिथे तीन बोटं टेकवतात, तीच धमनी आज हृदयाकडे जाण्याची वाट झाली आहे. तेवढी जागा बधिर करून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची लवचीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवतात. रुग्ण जागाच असतो. नळीतून डाय सोडली की पडद्यावर हृदयाच्या धमन्या काही क्षण उमटतात, ही अँजिओग्राफी. अडथळा दिसला तर त्याच वाटेने फुगा नेऊन फुगवतात, बहुधा स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीही बसवतात; ही अँजिओप्लास्टी. या विद्येत नव्याने येणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि तरुण डॉक्टरांचं मनापासून स्वागत.

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी वरिष्ठांची मनाई मोडून स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तसेच जिना उतरून ते एक्स-रे काढायला गेले. पण ही विद्या एकट्या हृदयाची नाही. बुजलेली धमनी नळीने उघडण्याचं काम आधी पायात झालं. १९६४ साली पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडीतली आकसलेली धमनी रुंद केली. पाय वाचला. हृदयाच्या धमनीत आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुगा फुगवला तो १९७७ मध्ये, झुरिकला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण मधुमेहाने काळं पडलेलं बोट घेऊन माणूस आला की अजूनही ‘कापायचं किती?’ हेच आधी निघतं. रक्त कुठे अडलंय, ते आधी शोधा. तंबाखूने तरुणपणीच हातापायांच्या बारीक धमन्या बंद पडतात, तिथे मात्र फुगा तोकडा पडतो. विडी सुटणं हाच खरा उपचार. नगर-संगमनेरच्या कित्येक घरांची चूल विड्या वळून पेटत आली, तिथे हे सांगताना जीभ अडखळते. तरी सांगावंच लागतं.

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर. नगरचं आनंदऋषीजी हॉस्पिटल, शिर्डीचं साईबाबा संस्थानचं रुग्णालय यांमुळे हे उपचार जिल्ह्यातच होतात. २०१७ पासून स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचाही आधार आहे. पण अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून निघालेल्या माणसाचा वेळ कोण वाचवणार? छातीत दाटलं की घरी ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा देतात, तिथेच तास जातो. ईसीजीवर हृदयविकाराच्या झटक्याचं निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत फुग्यापर्यंत पोचणं शक्य नसेल, तर ज्याला चालेल त्याला जवळच्याच रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग पुढे पाठवायचं असतं.

म्हणून अभ्यासाची सुरुवात कॅथलॅबपासून करू नका. आधी तालुक्याच्या रुग्णालयात बसा, ईसीजी वाचायला शिका, आणि तिथून रुग्णवाहिकेला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा.