पुलोरम रोग

कोंबडीच्या लहान पिलांना होणारा तीव्र स्वरूपाचा सांसर्गिक रोग. यात पांढरी, चिकट विष्ठा गुदद्वाराभोवतीच्या पिसांना चिकटून राहते. म्हणून त्याला ‘पांढरी हगवण’ असेही म्हणतात. सालमोनेला पुलोरम या हालचाल न करणाऱ्या, दंडाकार सूक्ष्मजंतूंमुळे तो होतो. ‘पुलोरम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पिलांचा’ असा आहे. कोंबड्यांच्या टायफॉइडास कारणीभूत असणारा सा. गॅलिनेरम हा जंतू त्याचा अगदी निकटचा असून आधुनिक वर्गीकरणात हे दोन्ही एकाच प्रकारातील दोन जैव प्रकार मानले जातात. या रोगावर जो विजय मिळाला तो औषधांमुळे नव्हे, तर निरोगी दिसणारी रोगवाहक कोंबडी ओळखून काढण्याच्या पद्धतीमुळे होय.

रोगट पिले पंख पाडून उबेच्या जागी घोळका करून बसतात, खात नाहीत व क्षीण आवाजात चिवचिवतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतूक सर्वाधिक असते. मेलेल्या पिलांत न शोषलेला पीतक, तसेच हृदय, फुप्फुसे व पेषणी यांवर पांढुरक्या गाठी आढळतात. मोठ्या कोंबडीत मात्र बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही. रोगातून वाचलेल्या पिलाच्या अंडाशयात जंतू ठाण मांडून राहतात आणि पुढे ती कोंबडी घालीत असलेल्या काही अंड्यांत ते उतरतात.

इतिहास : कोंबडी स्वतः अंडी उबवीत असे तोपर्यंत या रोगाची हानी बहुतांशी एका खुडूक कोंबडीच्या पिलांपुरतीच राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उबवणी यंत्रांचा प्रसार झाला. अनेक परसांतील अंडी एकत्र उबवली जाऊ लागली आणि एका रोगट अंड्यातून निघालेल्या पिलाच्या लवेबरोबर व विष्ठेबरोबर जंतू शेजारच्या शेकडो पिलांपर्यंत पोहोचू लागले. मरतुकीचा दोष पाळणारे लोक थंडी, अतिउष्णता किंवा खराब खाद्य यांना देत. लिओ फ्रेडरिक रेटगर (१८७४–१९५४) या सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये मेलेल्या पिलांतून रोगाचे जंतू वेगळे केले व १९०० मध्ये त्यासंबंधीचा लेख प्रसिद्ध केला. पुढे कनेक्टिकट राज्यातील स्टॉर्स येथील कृषी संशोधन केंद्रातील एफ. एच. स्टोनबर्न यांच्यासह केलेल्या संशोधनातून १९०९ मध्ये, हे जंतू मोठ्या कोंबडीच्या अंडाशयात राहतात व अंड्यावाटे पिलांत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे शोधाचा रोख पिलाकडून त्याच्या आईकडे वळला.

बाहेरून निरोगी दिसणारी ही आई ओळखावयाची कशी, या प्रश्नाचे उत्तर एफ. एस. जोन्स यांनी १९१३ मध्ये समूहन परीक्षेने दिले. रोगवाहक कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडे असल्याने तिचा रक्तरस जंतूंच्या निलंबनात मिसळला असता जंतूंचे पुंजके बनतात. परंतु त्यासाठी रक्त प्रयोगशाळेत पाठवावे लागे. दरम्यान १९१८ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने एक दिवसाची पिले टपालाने पाठविण्यास परवानगी दिल्याने रोग दूरवर पसरण्यास नवी वाट मिळाली. १९३१ मध्ये शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीत प्रतिजन वापरून करावयाची सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. पांढऱ्या तबकडीवर प्रतिजनाचा थेंब घेऊन त्यात पंखाच्या शिरेतील रक्ताचा थेंब मिसळतात. सुमारे दोन मिनिटांत रंगीत पुंजके दिसल्यास पक्षी बाधित ठरतो. ही परीक्षा खुराड्यापाशीच करता येत असल्याने लहान पाळणाऱ्यासही ती आवाक्यात आली. १९३५ मध्ये राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा योजना सुरू झाली व या परीक्षेस तीत मध्यवर्ती स्थान मिळाले.

उपचार : रेटगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिलांना आंबट दूध देऊन पाहिले, त्यामुळे पिलांची वाढ सुधारली, पण रोगाचे निर्मूलन झाले नाही. त्यानंतर सल्फा औषधे व फुराझोलिडोन यांनी मरतूक कमी झाली. मात्र वाचलेल्या पक्ष्यांपैकी काही रोगवाहकच राहत. म्हणजेच जे औषध पिलू वाचवी, तेच पुढील पिढीला रोग देणारी कोंबडीही जगवी. पुढे फुराझोलिडोनच्या अवशेषांपासून मनुष्यास धोका संभवतो, म्हणून यूरोपीय संघाने १९९५ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

यामुळे बाधित कोंबडी, ती अंडी देत असली तरी, कळपातून काढून टाकणे हाच मार्ग उरला. दोनचार कोंबड्यांवर संसार चालविणाऱ्यास हा निर्णय जड जातो. परीक्षाही निर्दोष नाही : इतर जंतूंमुळे ती चुकीने होकारार्थी येऊ शकते आणि नुकत्याच बाधित झालेल्या पक्ष्यात ती नकारार्थी राहू शकते. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने ती पुनःपुन्हा करतात व जंतुसंवर्धनाने निदानाची खात्री करून घेतात. केवळ पांढऱ्या विष्ठेवरून निदान करणेही धोक्याचे असते; कारण थंडी व मूत्रपिंडाचे विकार यांतही ती दिसते. विष्ठेत रक्त असल्यास रक्ती हगवणीचा, तर हिरवट हगवणीबरोबर श्वसनाचा त्रास व मान वाकडी होणे ही लक्षणे असल्यास राणीखेत रोगाचा विचार करावा लागतो.

अमेरिका व ब्रिटन येथील व्यापारी कळपांतून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला आहे. परसातील कळपांत मात्र तो अधूनमधून आढळतो. भारतातही तो आढळतो. परीक्षेसाठी लागणारे रंगीत प्रतिजन इझतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तयार करण्यात येते. परसात कोंबड्या पाळणाऱ्यास परीक्षित कळपातील अंडी किंवा पिले घेणे, नवीन पक्षी काही काळ वेगळे ठेवणे आणि मेलेले पिलू तपासणीस पाठविणे या तीन गोष्टींचा उपयोग औषधापेक्षा अधिक होतो.