रुखचं अंडं आणि ढोली डुंगरीचा साप

सिंदबाद जहाजीची पाचवी सफर वर्गात सांगितली की मुलं अंडं फोडणाऱ्यांवरच चिडतात. व्यापारी बेटावर उतरतात, पांढरा घुमट दिसतो, दगडांनी तो फोडतात. सिंदबाद नको नको म्हणत असताना पिल्लू ओढून काढून शिजवतात. मग आभाळ काळवंडतं. रुखची जोडी पंजात मोठाले खडक घेऊन येते. पहिला हुकतो, दुसरा जहाज फोडतो. आमच्या घरी 'अलिफ लैला' उर्दूतून आली. मराठीत ती कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणली.

मार्को पोलोने हा पक्षी मादागास्करकडचा सांगितला. तिथे एपिऑर्निस नावाचा प्रचंड पक्षी खरंच होता, अंडं फूटभर लांब. पण त्याला उडताच येत नसे, खडक कुठला टाकणार!

अंडीचोराचा खरा पुरावा मात्र आपल्याकडचा आहे. आमच्या सदरपासून सेमिनरी हिल्स जवळच, तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. याच खात्यातले धनंजय मोहबे यांना १९८४ साली गुजरातेत ढोली डुंगरी इथे डायनोसॉरची अंडी आणि शेजारी बारीक हाडं सापडली. सगळी हाडं पिल्लाचीच असावीत, असं तेव्हा वाटलं. २००१ मध्ये अमेरिकेचे जेफ विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यात सापाचे मणके ओळखले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, बाजूला अर्ध्या मीटरचं पिल्लू! ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी गाळाखाली सगळे एकदम गाडले गेले. २०१० मध्ये सापाचं नाव ठेवलं 'सनाजेह इंडिकस'. आजच्या अजगरासारखा त्याचा जबडा फाकत नसे, म्हणून अख्खं अंडं गिळणं त्याला जमलं नसतं. तो पिल्लावरच टपला असणार.

मग आई कुठे होती? मुलांचा पहिला प्रश्न हाच. ही अंडी टायटॅनोसॉरची. मध्य प्रदेशात धारकडे अशी ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजली गेली. २०२३ मध्ये तो अभ्यास छापून आला. घरटी इतकी खेटून की एवढ्या अजस्र जनावराला मधून फिरायला जागाच नाही. अंडी घालून ती निघून जात असावीत, असं अभ्यासक मानतात. म्हणजे इथे चोरी झाली, पण रुखसारखा कहर करायला कोणी आलंच नाही.

मंगोलियात उलटं घडलं. १९२३ मध्ये अंड्यांच्या घरट्यावर एका डायनोसॉरची कवटी सापडली. अंडी दुसऱ्याची धरली, म्हणून हा चोर! पुढच्याच वर्षी ऑस्बर्न यांनी नाव दिलं 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे अंडी पळवणारा. नाव दिशाभूल करणारं ठरू शकतं, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं, पण ते कोण वाचतो? चित्रांतून, पुस्तकांतून तो सत्तर वर्षं चोरच राहिला. १९९३ मध्ये तशाच अंड्यात त्याच्याच कुळातलं न जन्मलेलं पिल्लू मिळालं. पुढे त्याच्या भाऊबंदांचे अंड्यांवर पंख पसरून बसलेले सांगाडेही सापडले. बिचारा चोर नव्हता, आपलीच अंडी राखत होता. शास्त्रीय नाव एकदा दिलं की असं बदलता येत नाही, त्यामुळे पाठ्यपुस्तकात तो आजही ओव्हिरॅप्टरच आहे.