शब्दवेध : पाकीट

मराठीत पाकीट खिशात असतं, टपालात असतं, लग्नात आहेर म्हणूनही हातात पडतं. नेटवर्कच्या तारेत ते शिरलं 1960च्या दशकात. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले डोनाल्ड डेव्हिस निरोपाचे छोटे तुकडे करून पाठवू पाहत होते. त्या तुकड्याला त्यांनी ‘पॅकेट’ म्हटलं. शब्द इतर भाषांत चालेल ना, हे भाषातज्ज्ञाला विचारूनच! अमेरिकेत पॉल बॅरन यांचीही कल्पना तीच, पण नाव ‘मेसेज ब्लॉक’. ते मागे पडलं यात नवल नाही.

पुढे बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत तारेतली ही पाकिटं पडद्यावर दाखवणारं ‘टीसीपीडम्प’ लिहिलं गेलं. ही पाकीटमारी नव्हे. पाकीट आपल्या वाटेनं जातंच, आपल्याकडे उरते नक्कल. साइट उघडत नसेल तर पोर्ट 443, म्हणजे सुरक्षित वेबचं दार, एवढीच चाळणी लावून पडद्याकडे बघावं. जोडणी मागणारी ‘एस’ची ओळ पुन्हापुन्हा उमटते आणि पलीकडून चकार शब्द नाही? मग पहिला संशय वाटेतल्या फायरवॉलवर. लगेच नकाराचा ‘आर’ आला, तर बहुधा यंत्र जागं आहे, त्या दारामागे मात्र कुणी बसलेलं नाही.